अण्णांच्या गरीचं टोक

लक्ष्मीनगर, नागपूर
२१ मे, दुपार (४५ डिग्री, आणि कूलर मुद्दाम बंद. कारण पुढे)

प्रिय सुऱ्या,

होळीपासून तुझे तीन फोन आले. दोन मी उचलले नाहीत आणि तिसऱ्याला ‘गाडी चालवतोय’ म्हणून ठेवून दिला. गाडीबिडी काही चालवत नव्हतो. समोर टेबलावर अण्णांची मासे धरायची गरी उघडी पडली होती आणि तुझ्याशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. शिव्या द्यायच्या तर इथंच देऊन घे, पुढे जागा नाही.

तब्येत ठीक. साखर आवाक्यात. हात सकाळी जरा थरथरतो, चहा पोटात गेला की थांबतो. शोभाचा खांदा बरा. झालं.

दिवाळीत तू म्हणालास, ‘आता तू एवढे रॉड बनवतोस, तर अण्णांची गरी चकाचक करून दे, बाणेरच्या हॉलमध्ये काचेच्या चौकटीत लावतो.’ मी हो म्हणून बसलो. वर तू ‘रिकामा न्हावी’सुद्धा म्हणालास, आणि वहिनी मागून हसल्या, तेही ऐकलं. म्हणून आधी हा रिकामा न्हावी करतो काय ते ऐक, म्हणजे पुढचं कळेल.

कार्बनचा पोकळ ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती काठी, मागवायची. बूड जमिनीला टेकवून, टोक तळहातावर घेऊन, मधे दाबत फिरवायची. एका जागी ती टुणकन उडी मारून बसते. तो तिचा कणा. जुने लोक म्हणतात, दोर ओवायच्या कड्या त्या हिशेबानं लावल्या नाहीत तर मोठा मासा लागल्यावर रॉड हातात पीळ खातो. नवे म्हणतात, काही फरक पडत नाही. मी खूण करतो. अण्णा बांबू निवडताना असंच करायचे, आठव. अंगणात उभं राहून फिरव फिरव फिरवायचे आणि आपण हसायचो. मग कड्या. साधा हिशेब असा की जितके फूट तितक्या आणि वर एक. सात फुटी असेल तर आठ, टोकाची वेगळी. त्या नुसत्या चिकटवत नाहीत, नायलॉनच्या बारीक धाग्यानं बांधतात. वेढ्याला वेढा असा लागला पाहिजे की नख फिरवलं तर अडकू नये. धाग्याला ताण यावा म्हणून यंत्र मिळतं, पण मी धाग्याचं रीळ कपात ठेवतो आणि धागा जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांतून ओढतो. ताण कमी वाटला की वर इस्त्री ठेवायची. त्या डिरेक्टरीत तुमच्या मोतीबाग क्वार्टरच्या शेजाऱ्यांचाही नंबर आहे, ज्यावर तुझ्यासाठी ‘तो’ फोन आला होता. पान दुमडून ठेवलंय.

शेवटी धाग्यावर इपॉक्सी. दोन बाटल्या, अगदी समान माप. माप चुकलं की ते जन्मात वाळत नाही. माझ्या पहिल्या रॉडला आजही डास चिकटतात. मापासाठी मी औषधाच्या दुकानात बिनसुईच्या सिरिंजा मागितल्या, तर पोरगं म्हणे, ‘काका, या वयात?’ लेप लावला की रॉड सहा-आठ तास हळूहळू फिरत राहावा लागतो, नाहीतर सगळं खाली ओघळून थेंब धरतं. त्यासाठी मी कूलरच्या झडपा हलवणारी स्विंग मोटर काढली. मिनिटाला पाच-सहा फेरे, अगदी हवे तेवढे. चालू केली की कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे, तिची मर्जी, रॉडला काय त्याचं. शोभाला आहे. दोन उन्हाळे कूलरची हवा एकाच भिंतीला लागतेय आणि ती भिंत, तिच्या म्हणण्यानं, घरातली सगळ्यात सुखी मेंबर आहे.

आणि नागपूरचा मे, बापा! कूलर लावला तर खोलीत ओल होते आणि लेपावर पांढरट चिकट साय धरते. बंद ठेवला तर इपॉक्सी ब्रश उचलेपर्यंत कपातच घट्ट. म्हणून मी पहाटे चारला उठून लेप देतो. नोकरीत असताना कधी आठच्या आधी उठलो नाही, हे साहेबांना सांगू नको.

आता मूळ मुद्दा.

अण्णांची गरी तशी मजबूत आहे. २०२३च्या सप्टेंबरात अंबाझरी ओसंडून नाल्याकाठच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हा ती मामेभावाच्या गोदामात होती. खालचे माझे दोन विकतचे रॉड चिखलात गेले, ही माळ्यावर होती म्हणून वाचली. खालचा तुकडा अजून सरळ आहे. पितळी सांधा तर असा की ओढला की ‘टुप्’ वाजतो. मोतीबागच्या वर्कशॉपमध्ये लेथवर केलेला सांधा चाळीस वर्षांनी वाजतो, आणि माझ्या नव्या सांध्यांना मेण लावावं लागतं. कड्या सायकलच्या आऱ्यांच्या.

बांबूवरून आपलं भांडण होतं, ते आधी मिटवतो. तू म्हणायचास कलकत्त्याचा, कारण अण्णा तिथल्या गार्डन रीचला ट्रेनिंगला गेले होते. मी म्हणायचो गडचिरोलीचा. तर ऐक. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले गरी बनवणारे ‘कलकत्ता बांबू’ वापरायचे. पुढे चीनचा टोंकिन बांबू आला आणि हा मागे पडला. कलकत्ता म्हणजे नुसतं बंदराचं नाव. बांबू तो मानवेल, जो आपल्या गडचिरोलीच्या जंगलात ढीगभर आहे, भरीव, लाठ्या होतात तो. म्हणजे तुझं अर्धं बरोबर. अर्धंच.

तर होळीच्या दुसऱ्या दिवशी टोकाचा तुकडा घेऊन बसलो. टोकापासून हातभर खाली आपलं ते कर्तृत्व. गुलाबी मांजा, मळून तपकिरी झालेला, आणि शेवटी ती गाठ. काळ्या मारबतीच्या केसांसारखी गाठ. नववीत आपण ती तुमच्या न्हाणीघरात मारली, फेव्हिकॉल लावून, दोघांची बोटं चिरली होती. मोडलेली दोन टोकं नुसती टोकाला टोक लावून मांजा गुंडाळला आणि गरी होती तशी खुंटीवर. अण्णांना कळलंच नाही, या आनंदात आपण आठवडाभर होतो. पुढची चाळीस वर्षं कुणी मोडली यावर भांडलो.

मांजा भिजवून सोडवला. अजून काच आहे त्यात, अंगठा कापला. एकोणनव्वद वेढे. मी मोजत होतो कारण आत आपली ती फेव्हिकॉलची वांगी दिसणार म्हणून हसू येत होतं.

आत लाल रेशीम होतं, सुऱ्या.

वेढ्याला वेढा लागलेलं, वर चपड्याचं पॉलिश, गाठ कुठेच नाही, शेवट आतल्या आत ओढून घेतलेला. अण्णांचा हात. एका जागी रेशीम कुजून बोटभर उघडं पडलंय, तिथे आतला सांधा दिसतो. दोन्ही टोकं लांब तिरपी तासून एकमेकांवर बसवलेली, दोन इंच तरी, आणि मधे ऍराल्डाइटची केसाएवढी रेघ. जुळवताना चुकू नये म्हणून फिटर लोक करतात तशी कानशीची एक बारीक खूण इकडे, एक तिकडे, समोरासमोर. मी भिंग लावून पाहिलं. शोभाला हाक मारली. ती म्हणाली, ‘छान आहे, पण एवढं काय?’ तिला काय सांगणार!

म्हणजे त्यांनी आपलं सगळं सोडवलं, नीट सांधलं, रेशीम बांधलं, पॉलिश वाळू दिलं. इथवर ठीक, बाप माणूस, वस्तूवर जीव. पण त्यानंतर आपलाच मांजा परत वर गुंडाळला. आणि गाठ, सुऱ्या, गाठ! ज्या माणसाला वेढ्याचं टोक दिसलेलं खपत नव्हतं, त्यानं बसून आपली ती घाणेरडी गाठ तशीच मारली. बोटं त्यांचीही चिरली असणार. आणि पुढच्या रविवारी गरी हातात देताना काय म्हणाले? ‘जपून वापरा, टोक नाजूक आहे.’ आपण बाहेर येऊन पोट धरून हसलो होतो.

आता पिशवी आठव. खाकी पिशवीचं तोंड कुंदाताईनं दोन बोटं मुडपून शिवलं होतं. आपल्याला वाटायचं, कडा उसवली असेल. अबे, तिरपा सांधा केला की लांबी कमी होते! गरी दोन इंच आखूड झाली म्हणून पिशवी ढिली पडली. म्हणजे कुंदाताईलाही माहीत होतं. ताईला विचारशील का? मी विचारलं तर ती रडेल आणि मलाही रडवेल. तू विचार, तुला ती रागावते.

आणि अण्णांच्या तेराव्याला मी सगळ्यांसमोर बोललो होतो की गरी यानं मोडली, नॅरोगेजच्या छोट्या गाडीचं दार यानं आपटलं. तू काही न बोलता पंगतीतून उठलास. त्या दिवसापासून हे मनात आहे. नागभीडची ती गाडी २०१९ला बंद झाली, म्हणजे साक्षीदारही गेला. परवा उगाच मोतीबागच्या म्युझियममध्ये जाऊन छोट्या गाडीचं इंजिन बघत उभा राहिलो. दार मी लोटलं की गाडीच्या हिसक्यानं लागलं, शपथेवर सांगता येत नाही. पण कडी माझ्या हातात होती, एवढं आठवतं. बाळ्यानंही पाहिलं होतं. त्याला मी एका तर्री पोह्यात गप्प केला.

हे लिहायचं नव्हतं. लिहून झालं.

तर आता माझी पंचाईत. मांजा सोडवताना त्याचे तुकडे झाले, तो परत बसणार नाही. तुकडे पाकिटात ठेवलेत. नवा सुती मांजा आत्ता मे महिन्यात कुठे मिळणार, जुन्या शुक्रवारीत संक्रांतीला मिळेल, पण तो आपला थोडाच. नायलॉनचं तर नावच नको, त्यावर बंदी आहे आणि दर वर्षी कुणाचा तरी गळा कापतो तो. मग रेशीम असंच उघडं ठेवायचं? ते कुजलंय. ते बदलायचं तर सगळं सोडवावं लागेल आणि आतला सांधा उघडा पडेल. चाळीस वर्षांचा चिकटा आहे, रेशमानं धरलंय की ऍराल्डाइटनं, बाहेरून कळत नाही. आतापर्यंत तेवीस रॉड बांधले, पण या दोन इंचांना ब्लेड लावायला दोन महिने हात होत नाहीये. रोज पहाटे उठतो, दिवा लावतो, बघतो आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी रॉडला लेप देतो. जरीपटक्याच्या एका माणसाचा रॉड त्यामुळे वेळेआधी झाला.

एक नक्की, इपॉक्सी मी त्याला लावणार नाही. काचेसारखं दिसेल, वहिनींना आवडेल, पण तो लेप परत निघत नाही आणि टोक जड होतं. चपडा किंवा वार्निश. आणि चौकटीचं काय ते आताच सांगतो, रागावलास तरी. खुंटीवर लाव, पिशवीत ठेव, पण खिळे मारून काचेत कोंबणार असशील तर मी देत नाही. कन्हानच्या डोहावर एकदा तरी नेऊ, लहान गळ, कणकेची गोळी, मोरपिसाचं तरंगणं. रोहू नको, सांधा धरेल न धरेल. बोटभर मासा पुरे.

वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? सईचं जर्मनीचं पक्कं का? नव्या घराचा ताबा मिळाला म्हणे, अभिनंदन. बिल्डरच्या भांडणाचं सविस्तर लिही, मला त्यात खरंच रस आहे, या पत्रात दिसत नसला तरी. संत्रा बर्फी कुणी येणारं असेल तर पाठवतो.

तर तेवढं कळव: रेशीम सोडवू की वरून बारीक पारदर्शक धागा बांधून आहे तसं धरून ठेवू? आणि वरती गुलाबी काही हवं का? मी इतवारीतून गुलाबी रेशमाचं एक रीळ आणून ठेवलंय, मांजाच्याच रंगाचं, उन्हात धरून जुळवून आणलंय. गाठ मात्र मला तशी जमत नाहीये. चार वेळा करून पाहिली, दर वेळी चांगली होते. ती तुझीच होती, तुला यावं लागेल.

पत्रच लिही. दुपारी फोन केलास तर कूलर चालू असेल, काही ऐकू येणार नाही.

तुझा,
मधू