कादंबरीच्या हस्तलिखिताविषयी

मालवण

चि. बाय हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे हस्तलिखित वाचून झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या, इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाच्या तारखा तू बिनचूक सांभाळल्या आहेस. इतिहास शिकवण्यात हयात गेलेल्या बाईला त्यात बोट ठेवायला जागा सापडली नाही, याचे थोडे वाईटही वाटले. माझी तक्रार निराळी आहे. जर्मन शिपाई आणि नायिका यांच्या प्रेमावर तू पानेच्या पाने खर्च केलीस, आणि तिच्या थोरल्या बहिणीने आपला सहा वर्षांचा मुलगा इंग्लंडच्या बोटीवर चढवून दिला, ती हकीकत मात्र अर्ध्या पानात उरकलीस. माझ्या मते तुझी कादंबरी त्या अर्ध्या पानात आहे.

१९ जून १९४० रोजी मुलांना इंग्लंडला हलवण्याची सूचना निघाली आणि मूल पाठवायचे की जवळ ठेवायचे, हे आईबापांना त्याच संध्याकाळपर्यंत ठरवावे लागले. सुमारे ५,००० शाळकरी मुले शिक्षकांबरोबर गेली आणि ३० जूनला जर्मन सैन्य बेटावर उतरले. त्यानंतर पाच वर्षे मधला समुद्र बंद झाला. त्या एका संध्याकाळी त्या घरात नवरा-बायको एकमेकांशी काय बोलले असतील, हे तू लिहिलेले नाहीस. ज्या राजाचे राज्य तेव्हा आपल्याही डोक्यावर होते, त्याचीच ही प्रजा परक्या लष्कराच्या हाती पडली होती, हेही एखाद्या वाक्यात येऊ दे. मराठी वाचकाच्या मनात ते आल्यावाचून राहणार नाही.

पुढे रेड क्रॉसमार्फत निरोप जाऊ लागले, पण शब्दांची मर्यादा पंचविसांची. तुझ्या नायिकेची बहीण त्यात ‘तुझी फार आठवण येते’ असे लिहिते. मला हे पटत नाही. पंचवीसच शब्द हाती असलेली आई बुटाचे माप विचारील, खोकला गेला का विचारील. उत्तर यायला कित्येक महिने लागत, म्हणजे माप कळेपर्यंत पाय वाढलेला असणार, आणि हे तिला विचारतानाच ठाऊक असणार. तरीही ती विचारते. तुला जे प्रेम दाखवायचे आहे, ते मला तिथे दिसते.

स्वयंपाकघराचे प्रकरणही पुन्हा लिही. १९४४ च्या जूनमध्ये दोस्त सैन्य फ्रान्समध्ये उतरल्यावर बेटांची रसद तुटली, आणि २७ डिसेंबरला ‘वेगा’ जहाज रेड क्रॉसची पार्सले घेऊन येईपर्यंत लोकांनी कसे दिवस काढले, ते ‘उपासमार होती’ एवढ्याने कळत नाही. नायिका समुद्राचे पाणी आटवून मीठ काढते, असे तू लिहितेस. आपल्याकडे शिरोड्याच्या मिठागरात ते काम ऊन करते. तिथे ते चुलीला करावे लागणार. एक लिटर पाण्यातून पस्तीसेक ग्रॅम मीठ निघते, आणि त्या हिवाळ्यात सरपण मिठाहून दुर्मीळ होते. तेव्हा बटाटे असतील तर ते सरळ खाऱ्या पाण्यातच शिजवणारी बाई मला अधिक खरी वाटते. खडकावरच्या शिंपल्यांचेही तसेच. तुझी नायिका फुले खुडावीत तशी ती गोळा करते! खडकाला चिकटणारा तो जीव बेसावध असताना एकाच फटक्यात सुटतो. पहिला फटका चुकला की तो असा घट्ट बसतो की हात सोलवटून निघतात. सुट्टीत येशील तेव्हा ओहोटीची वेळ पाहून आपल्या कालवे काढणाऱ्या बायांबरोबर खडकावर जा आणि दोन तास वाकून बघ.

शिपायाला काढून टाक, असे मी म्हणत नाही. शेवटी शेवटी तोही उपाशीच होता, आणि दोन उपाशी माणसांमध्ये कोण कोणापासून काय लपवते, यात पुष्कळ काही आहे. फक्त त्याचे निळे डोळे चार वेळा आले आहेत, ते एकदाच पुरे.

९ मे १९४५ च्या सुटकेच्या जल्लोषावर तू कादंबरी संपवतेस. मुले त्या दिवशी परतली नव्हती. ती त्यानंतर येऊ लागली. सहाचा मुलगा अकराचा होऊन, लँकशायरच्या ढंगाचे इंग्रजी बोलत, धक्क्यावर उतरतो; तिकडे ज्या बाईने त्याला वाढवले तिला तो आई म्हणत आलेला आहे, आणि समोरच्या हडकुळ्या बाईशी काय बोलावे हे त्याला कळत नाही. ते प्रकरण आधी लिहून पाठव. प्रेमकथेला किती पाने द्यायची, ते मग ठरवू.

कळावे,
तुझी आई