प्रतिफळ म्हणजे पगार नव्हे

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात एका वाचकाने पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं, म्हणजे निराधार बायकांच्या आश्रमाचं, उदाहरण देऊन लिहिलं की ख्रिस्ती लोक करतात ती सेवा म्हणजे शेवटी स्वर्गाचा सौदाच. मनाला लागलं म्हणून लिहितोय. 1896-97 च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी, आजारी बाया-मुली आणून सांभाळल्या, एवढं काम हिशोब मांडून होतं का?

आमच्याकडे तारण, म्हणजे पापातून सुटका, कमवायची सोयच नाही. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात सरळ लिहिलंय, ते कृपेने मिळतं, कर्मांनी नाही, म्हणजे कोणी बढाई मारायला नको. प्रतिफळ, म्हणजे देवाकडून मिळणारं बक्षीस, आहे, ते मी नाकारत नाही, पण ते धन्याच्या, म्हणजे देवाच्या मर्जीचं. येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात सकाळपासून राबलेल्याला आणि संध्याकाळी पाचला आलेल्याला सारखीच मजुरी मिळते. आपल्याला हा अन्याय वाटतो पण मजूर अड्ड्यावर दिवसभर उभं राहून ज्याला कोणी नेलं नाही त्याला विचारा, चूल तर त्याच्याही घरी पेटायची असते.

माझी मावशी उन्हाळ्यात दारात माठ ठेवायची, ओलं फडकं गुंडाळून, बाजाराच्या दिवशी दोन-तीनदा भरायची आणि रोज संध्याकाळी चिंच लावून ग्लास घासायची. मी एकदा म्हटलं मावशे, माठावर पेंटने तुझं नाव टाकतो, तर म्हणाली, "नको रे, नाव टाकलंस तर माझं इथंच फिटलं की." बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात येशू हेच सांगतो, लोकांनी बघावं म्हणून जे दान करतात त्यांना त्यांचं मिळून गेलेलं असतं. स्वर्गातल्या प्रतिफळावर विश्वास होता म्हणूनच तिला इथे कुणाच्या शाबासकीची गरज नव्हती, हे त्या वाचकांनी समजून घ्यावं.

राग येतो तो आमच्याच माणसांचा. हल्ली काही सभांमधे स्टेजवरून सांगतात की हजार टाका, देव दहापट देईल, आणि स्क्रीनवर क्यूआर कोड लावतात, मग कर्ज काढून टाकणारेही मी बघितलेत. आणि चर्चमधे बाकापासून पंख्यापर्यंत देणाऱ्याचं नाव असतंच. आमच्या पाळकांना हात जोडून विनंती, येत्या हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानतो त्या दिवशी, देणगीदारांची यादी वाचू नका, अर्पण घ्या, प्रार्थना करा आणि लोकांना घरी जाऊ द्या.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर जिल्हा