आरमार नसलेली भाषा

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध दोनदा वाचला. मांडणी आवडली, परंतु ‘ज्या बोलीपाशी सैन्य आणि आरमार असते ती भाषा’ हे वाक्य तू फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांच्या नावावर घातले आहेस, ते बदल. मेये १९३६ मध्ये वारले, आणि हे वाक्य छापलेले सापडते ते १९४५ च्या ‘यिवो ब्लेटर’ या यिद्दिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा) नियतकालिकात, यिद्दिशचे भाषाशास्त्रज्ञ माक्स वाइनराइख यांच्या भाषणात.

मूळ शब्द असे आहेत: ‘अ श्प्राख इज अ दिआलेक्ट मिट अन आर्मेय उन फ्लॉट.’ ‘फ्लॉट’च्या, म्हणजे आरमाराच्या, आधी ‘एक’ अशा अर्थाचा ‘अ’ नाही, हे पाहा. आपण ‘ढाल-तलवार’ म्हणतो तसे सैन्य आणि आरमार एका दमात येतात. गंमत अशी की आपला ‘आरमार’ पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून आलेला, म्हणजे ‘आर्मेय’चा भाऊबंदच; तिकडे तो जमिनीवर राहिला, आपल्याकडे समुद्रात उतरला.

मात्र वाइनराइखही या वाक्याचे कर्ते नव्हेत, आणि तसे त्यांनीच सांगितले आहे. १९४३-४४ मध्ये न्यूयॉर्कला त्यांची व्याख्याने चालू असताना ब्राँक्समधील एका हायस्कुलातले शिक्षक येत असत. लहानपणीच अमेरिकेत आलेल्या या गृहस्थांनी यिद्दिशमध्ये गंभीर विषयही मांडता येतो हे तोवर कधी ऐकलेच नव्हते. एकदा व्याख्यान संपल्यावर त्यांनी विचारले, बोली आणि भाषा यांत फरक काय? यिद्दिशला हिणवणाऱ्या जुन्या ज्यू सुधारकांचाच हा सूर, असे समजून वाइनराइख त्यांची समजूत घालू लागले, तोच शिक्षकांनी त्यांना अडवले: ते मला ठाऊक आहे, पण याहून चांगली व्याख्या मी सांगतो. त्यांचे नाव वाइनराइखांनी दिलेले नाही.

तू हे वाक्य सत्तेला मारलेला टोमणा म्हणून वापरतेस. वाइनराइखांना त्यात यिद्दिशची सामाजिक स्थिती नेमकी पकडलेली दिसली. ५ जानेवारी १९४५ रोजी ते बोलत होते, तेव्हा जिथे १९२५ मध्ये यिवो ही यिद्दिशच्या अभ्यासाची संस्था उभी राहिली त्या विल्नातले (आजचे लिथुआनियातील विल्निअस) बहुतेक ज्यू नाझींच्या काळात मारले गेले होते. कोकणी ही मराठीची बोलीच, असे मी तरुणपणी तावातावाने म्हणत असे. १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाल्यावर गप्प बसलो, आणि गप्प बसवले ते व्याकरणाने नव्हे, कायद्याने.

तेव्हा तळटीप अशी लिही: ब्राँक्समधील एक शिक्षक, वाइनराइख यांनी सांगितल्याप्रमाणे.

तुझे,
बाबा