मोफत साहित्य डोंगरातल्या वर्गापर्यंत पोचावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षकांसाठी इंटरनेटवर मोफत साहित्य पुष्कळ आहे. पाटण, जावळीसारख्या डोंगरी तालुक्यांतल्या शाळांची खरी अडचण रेंजची आहे. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात, २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवर पाठांचे व्हिडिओ आहेत, पण पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर मोबाईलवर नुसते चक्र फिरत राहिले, की मुलांचे लक्ष उडते आणि शिक्षक पुन्हा खडूकडे वळतात.

म्हणूनच अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा विज्ञान-गणिताच्या प्रयोगांचा संच मला विशेष मोलाचा वाटतो. त्यातील अनेक प्रयोग मराठीत आहेत आणि एकदा डाउनलोड करून घेतले, की इंटरनेटशिवाय चालतात. विद्युत परिपथाच्या प्रयोगात पडद्यावर बॅटरी, तारा आणि बल्ब जोडताना एखादी तार सुटली, की बल्ब विझतो आणि तो का विझला, हे मुलेच एकमेकांना सांगू लागतात. (खरा सेल आणि बल्ब हाताशी असतील, तर आधी तेच द्यावेत.)

केंद्राच्या (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत असे निवडक साहित्य पेनड्राइव्हवर प्रत्येक शाळेला द्यावे आणि ते वापरून एक तास प्रत्यक्ष घेऊन दाखवावा, अशी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला कळकळीची विनंती आहे.

– एक प्राथमिक शिक्षिका, पाटण (जि. सातारा)