बाबा, तुम्ही खाली बघून का चालता

रेडिंग, इंग्लंड
नोव्हेंबरातला दुसरा रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

काल फोनवर तुम्ही "बाकी काय विशेष?" विचारलंत आणि मी "काही नाही" म्हटलं. विशेष होतं. पण बोलायला लागले असते तर तुम्ही "बरं, आईकडे देतो" म्हणून सुटला असतात. म्हणून पत्र. आई, तू चष्मा लावून मोठ्यानं वाचून दाखव, आणि मध्येच भाजी बघायला उठू नकोस.

माझ्याकडे सध्या एक पेशंट येतो. नाव सांगत नाही, सांगायचं नसतं. वय चाळिशीचं, डावा पाय गुडघ्याखाली नाही. २००९ साली अफगाणिस्तानात, हेल्मंद प्रांतातल्या सांगिन गावात त्याचा पाय सुरुंगावर पडला. आता नवा कृत्रिम पाय बसवलाय, चाल बसवायचं काम माझं. समोरच्या आरशावर मी लाल टेप चिकटवलीय. दोन्ही दांड्या धरायच्या, नजर टेपवर, आणि चालायचं. चार पावलं तो टेपकडे बघतो, पाचव्याला नजर जमिनीवर. मी आपली "वर बघा, वर बघा" करत तीन आठवडे त्याच्या मागे. शेवटी तो म्हणाला, "तिथे सहा महिने खालीच बघून चाललो. आता मान ऐकत नाही."

मग त्यानं सांगितलं. पुढचा जवान सुरुंग शोधायचं यंत्र, ते 'वॅलन' म्हणतात त्याला, डावी-उजवीकडे फिरवत जायचा आणि मागच्यांनी त्याच्या पावलावर पाऊल ठेवायचं. बांधावरून जायचं नाही, पायवाटेवरून जायचं नाही, जिथून माणूस साहजिक जाईल तिथून जायचंच नाही. शेतातल्या पाटातून, कमरेइतक्या पाण्यातून जायचे.

बाबा, मला एकदम कालव्यावरून आपल्या रानाकडे जाणारी वाट दिसली. त्या वाटेनं तुम्ही कधी मधून चालत नाही. कडेनं, गवतातून, खाली बघत चालता. आई म्हणायची, ह्यांना विंचवा-सापाची भीती. मी तर फिजिओथेरपी शिकायला लागल्यापासून "बाबा, मान वर, पाठ ताठ" म्हणून तुमच्या मागे लागले होते. चौतीस-पस्तीस वर्षं झाली तुम्हाला श्रीलंकेतल्या जाफन्याहून, शांतिसेनेतून परत येऊन, आणि आमच्या दोघींपैकी एकीच्याही हे डोक्यात आलं नाही.

ह्या माणसाचा राग समजून घ्यायला मला वेळ लागला. ब्रिटिश फौज हेल्मंदमध्ये उतरली २००६ मध्ये. तीन वर्षांत एकही गोळी न झाडता परत येता आलं तर आनंदच आहे, असं तेव्हाचे संरक्षणमंत्री जॉन रीड म्हणाले होते. हे वाक्य इथल्या सगळ्या माजी सैनिकांना पाठ आहे. अफगाणिस्तानात ४५७ ब्रिटिश सैनिक गेले, त्यातले शंभराहून जास्त एकट्या सांगिनमध्ये. सांगिन म्हणजे केवढं, तर आपल्या तालुक्याच्या गावाएवढं. २०१० च्या सप्टेंबरात ते अमेरिकन मरीन सैनिकांच्या ताब्यात दिलं. त्यांच्या एकाच बटालियननं तिथं पंचवीस माणसं गमावली. मार्च २०१७ मध्ये सांगिन तालिबानच्या हाती गेलं. मूसा कला नावाचं दुसरं गाव तर घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं, पुन्हा गेलं. कजाकीच्या धरणावर वीज करायची म्हणून २००८ मध्ये एक अगडबंब टर्बाइन शंभरेक गाड्यांच्या ताफ्यातून, लढत लढत पोचवलं. ते बसवायला लागणारं सिमेंट काही वेळेवर पोचलं नाही आणि टर्बाइन कित्येक वर्षं तसंच पडून राहिलं. हे सांगताना तो चक्क हसला. तुम्ही सरकारी कामाच्या गोष्टी सांगताना हसता ना, तसंच.

पण सांगिन गेल्याचं वाचलं तेव्हा तो हसला नव्हता. मुलीच्या शाळेबाहेर गाडीत बसून फोनवर बातमी वाचली. मुलगी येऊन मागं बसली, पट्टा लावला, आणि ह्याला गाडी कुठं न्यायची तेच सुचेना. मग ऑगस्ट २०२१ आला. १३ तारखेला लष्करगाह पडलं, १५ ला काबूल. त्या आठवड्यात शेजाऱ्यानं कुंपणावरून म्हटलं, "सगळं फुकटच गेलं ना रे." त्यानं बिचाऱ्यानं वाईट वाटून म्हटलं होतं, त्यामुळे भांडताही आलं नाही.

हे ऐकलं आणि माझे हात थांबले. कारण ते वाक्य मी तुम्हाला म्हटलं होतं, आणि मला वाईटही वाटलं नव्हतं.

मे २००९. मी सुट्टीला घरी आलेले. टीव्हीवर तमिळ वाघांचा म्होरक्या प्रभाकरन मारला गेल्याची बातमी, पुन्हा पुन्हा तेच. तुम्ही खुर्चीवरून उठलात, खांद्यावरचा टॉवेल काढून चौपदरी घडी घातलीत, परत उलगडलात, परत घडी घातलीत. मी एकोणीस वर्षांची शहाणी. म्हटलं, "श्रीलंकेच्या सैन्यानं केलंच की शेवटी. मग तुम्ही गेलातच कशाला?" तुम्ही टॉवेल ठेवलात आणि म्हशीला पाणी दाखवायला गेलात. आई मला म्हणाली, "त्यांच्या अंगावर नको जात जाऊस." कशाला ते तिनंही सांगितलं नाही.

पुढे मी इथे येऊन वाचलं, बाबा. जुलै १९८७ मध्ये भारत-श्रीलंका करार झाला आणि आपली शांतिसेना जाफन्यात उतरली तेव्हा लोकांनी हार घातले होते. ऑक्टोबरात त्या लोकांशी नव्हे, तमिळ वाघांशी, पण त्याच लोकांच्या गल्ल्यांमधून लढायची वेळ आली. नोव्हेंबरात ८ महार पलटणीचे मेजर परमेश्वरन गेले, त्यांना परमवीरचक्र मिळालं. अकराशेच्या वर जवान गेले. मग ज्या देशानं बोलावलं त्याच्याच नव्या राष्ट्राध्यक्षांनी, प्रेमदासांनी, चालते व्हा म्हटलं, आणि तुमच्याशी लढणाऱ्यांना वर हत्यारंही पुरवली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी निघाली. मद्रासला स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. आणि जे जाफना तुम्ही गल्लीगल्लीनं घेतलंत ते काही महिन्यांत वाघांच्या हातात होतं.

दोन्ही युद्धं सारखी नाहीत, हे मला कळतं. तमिळ लोकांनी त्यात काय सोसलं तेही मी वाचलंय, आणि हेल्मंदमधल्या शेतकऱ्यांना ह्या वीस वर्षांचं विचारलं तर ते वेगळंच सांगतील. पण तुमचा आणि माझ्या पेशंटचा राग, मला वाटतं, एकाच ठिकाणी दुखतो. जमीन गेली ह्याचं दुःख आहेच, पण ती तुमची किंवा त्याची कधी नव्हतीच. त्याला खरं खुपतं ते त्याच्या पलटणीबरोबर फिरणाऱ्या दुभाष्याचं. तो मागे राहिला. २०२१ मध्ये विमानतळाच्या गेटपर्यंत पोचला आणि परत गेला. त्यानंतर त्याच्याशी बोलणं झालंय की नाही हे मी विचारलं नाही. त्या ऑगस्टच्या १८ तारखेला इथल्या संसदेत टॉम टूगेनहाट नावाचे खासदार बोलले, ते स्वतः अफगाणिस्तानात होते. एरवी गोंधळ घालणारं सभागृह गप्प बसून ऐकत होतं. ते भाषण त्यानं एकदाच ऐकलं म्हणे, दुसऱ्यांदा नाही.

इथे रेडिंगमध्ये एक बाग आहे, तिथे लोखंडी सिंह आहे, प्रचंड. ह्या सिंहाची पावलं चुकीची पडलीत आणि ते कळल्यावर शिल्पकारानं जीव दिला, अशी गावातली दंतकथा. तसं काही नाही, तो चांगला १९२९ पर्यंत जगला. (चाल बघणं हा माझा धंदाच, म्हणून मी पहिल्यांदा सिंहाचे पायच बघितले होते.) सिंह आहे मैवंदच्या लढाईचा, २७ जुलै १८८०. तेही कंदाहार-हेल्मंदच्याच बाजूचं. तिथे इंग्रज हरले, पुढे कंदाहारला जिंकले, आणि १८८१ मध्ये कंदाहार सोडून निघून गेले. चौथऱ्यावर बर्कशायर पलटणीतली ३२९ नावं आहेत. त्यांच्या शेजारी लढले ते मुंबईच्या फौजेतले, बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स. त्यांची नावं इथे नाहीत. कुलाब्याला तुमचं पोस्टिंग होतं तेव्हा आपण अफगाण चर्चच्या स्टॉपवर बस पकडायचो, आठवतं? ते त्याच्याही आधीच्या अफगाण युद्धाचं स्मारक. मी तिथे रोज उभी राहायचे आणि मला वाटायचं अफगाण हे कुणा साहेबाचं आडनाव असेल.

आज इथे युद्धात गेलेल्या सैनिकांचा स्मरणदिन, सगळे कोटाला लाल पॉपीचं फूल लावून फिरतायत. माझा पेशंट संचलनाला जाणार नाही म्हणाला होता. गेला की नाही ते बुधवारी कळेल. टेप मी आरशावरून काढून टाकलीय. खाली बघून चालला तरी चालेल, तोल सांभाळला म्हणजे झालं.

२४ डिसेंबरला येतेय. बाबा, गुडघ्याचा व्यायाम सोडलात असं आईनं सांगितलंय. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, मग दुसरा. सकाळ-संध्याकाळ. आई, तू समोर बसून मोज, ते सातलाच पाय खाली सोडतात.

आणि एक काम आहे. तुमच्या काळ्या ट्रंकेत तो एक फोटो आहे, ताडाच्या झाडाखाली तुम्ही चौघं उभे आहात तो. त्याच्या मागे चौघांची नावं लिहून ठेवाल का? मला तुमच्याखेरीज एकाचंच माहीत आहे.

तुमची लेक