ड्रिफ्टिंग घाटात नाही, घाटावर करतात

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात बातमी होती, रात्री दीड वाजता हायवेच्या सर्व्हिस रोडला चार पोरांनी गाडी गरागरा फिरवली, डिव्हायडरला ठोकली, आणि वर हेडिंग "ड्रिफ्टिंगचा थरार". पोलिसांनी पोरांना उचललं ते बेस्ट केलं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या हेडिंगबद्दल आहे. मी एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होतो, माळशेज घाट पावसाळ्यात किती वेळा उतरलो त्याचा हिशोब नाही, आणि गेल्या ऑक्टोबरात जपानला पुतण्याकडं गेलो होतो तेव्हा खरं ड्रिफ्टिंग, म्हणजे वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवत नेणं, एक अख्खा दिवस बघून आलो, बघून काय, बसून आलो, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं तर कापा.

पुतण्या उत्सुनोमिया नावाच्या गावाला असतो, टोकियोच्या वरच्या अंगाला. त्याच्या ऑफिसात एक जपानी पोरगा आहे, बावीस-तेवीसचा असेल, आठवडाभर कॉम्प्युटरवर मान घालून बसतो आणि सुट्टी आली की गाडीत जुने टायर भरून निघतो. पुतण्या म्हणला काका तुम्ही आयुष्यभर गाडी घसरू नये म्हणून जीव काढला, चला आता मुद्दाम घसरवणारी माणसं दाखवतो. पहाटे साडेपाचला निघालो, दीड-पावणेदोन तासांनी फुकुशिमा जिल्ह्यातल्या निहोनमात्सु गावाच्या वर डोंगरात पोचलो, तिथं एबिसू सर्किट म्हणून जागा आहे. फुकुशिमा म्हणलं की आपल्याला अणुभट्टी आठवते, पण ती तिकडं समुद्राकाठी, हे डोंगरात. एकाच डोंगरावर लहानमोठे बरेच ट्रॅक, कुठं चढ, कुठं उतार, आणि गंमत म्हणजे त्याच आवारात प्राण्यांची सफारी आहे. एकीकडं टायर किंचाळतायत आणि पलीकडं सिंह पडलेत. त्या सिंहांचं काय मत आहे कुणी विचारलं नसावं.

आता ही जागा साधीसुधी नाही बरं का. ड्रिफ्टिंगची पहिली मोठी प्रोफेशनल स्पर्धा, जिचं पुढं डी-वन ग्रां प्री झालं, ती 2000 साली इथंच झाली. मालक कुमाकुबो नोबुशिगे हा माणूस स्वतः 2006 चा डी-वन चॅम्पियन, म्हणजे आपल्याकडं कसं, तालमीचा वस्ताद स्वतः आखाड्यात उतरलेला असतो तसं. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथं 7.3 चा भूकंप झाला आणि डोंगराची कड सुटून एका ट्रॅकवर आली. माती काढली आणि पुढं चालू. पण मी गेलो त्या दिवशी स्पर्धा बिर्धा काही नव्हती, पैसे भरून प्रॅक्टिस करायचा साधा दिवस, हौशी लोकांचा.

सकाळी गेल्या गेल्या काय, तर कागदावर सही, काही झालं तर जबाबदारी माझी म्हणून. मग सगळ्यांना गोल उभं करून मीटिंग. पिवळा झेंडा दिसला की हळू, लाल दिसला की थांबायचं, गाडी फिरून आडवी झाली तर आधी मागचा माणूस बघायचा मग गाडी हलवायची. हेल्मेट पाहिजे, हातमोजे पाहिजेत, फुल बाह्यांचा शर्ट पाहिजे, गाडीला ओढायचा हुक बाहेर दिसेल असा पाहिजे. माझा हाफ शर्ट होता तर पुतण्याला गाडीतलं जर्किन काढून मला घालावं लागलं. आमच्या डेपोत सकाळी गाडी ताब्यात घेताना एवढी चौकशी झाली असती तर निम्मे ब्रेकडाउन वाचले असते, असो.

नवशिक्यांना थेट ट्रॅकवर सोडत नाहीत. एका मोकळ्या डांबरी पटांगणावर पाणी मारून ठेवलेलं, दारात सडा टाकतो तसं, मधे एक प्लास्टिकचा कोन, आणि त्याच्याभोवती मागची चाकं घसरवत गोल गोल फिरायचं. एवढंच. एक गडी तर तासभर तेच करत होता, चार चकरा जमल्या की गाडी सुटून गर्रकन उलटं तोंड करायची, परत सुरू. ते जमलं की दोन कोन लावतात आणि आठचा आकडा, त्याला ते हाची-नो-जी म्हणतात. मला हसूच आलं, म्हणलं अरे हा तर आपला आरटीओचा आठ! फक्त आपल्याकडं पाय टेकला की नापास आणि इथं गाडी सरळ गेली की नापास.

ते करतात कसं हे मी फार बारकाईनं बघितलं कारण माझ्या डोक्यात ते बसतच नव्हतं. गाडी मागच्या चाकावर चालणारी पाहिजे, ही पहिली अट. त्या पोराची निस्सान सिल्व्हिया, त्याच्या जन्माच्या आधीची गाडी. वळणाच्या तोंडाशी स्टेअरिंग आत द्यायचं, क्लच दाबून लगेच धाडकन सोडायचा, रेस चालूच, मागच्या चाकांना एकदम झटका बसतो आणि शेपूट बाहेर जातं. आता स्टेअरिंग उलटं मारायचं आणि ॲक्सिलरेटर सोडायचा नाही. सोडला की गाडी एकदम पकडते आणि भलतीकडं फेकते. म्हणजे तोंड डावीकडं, चाकं उजवीकडं आणि गाडी आडवी चाललीय, त्याला ते ड्रिफ्ट म्हणतात. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, मागची बाजू सुटली तर स्टेअरिंग ज्या बाजूला सुटली त्या बाजूला द्या, घाबरून ब्रेक मारू नका. तीच विद्या, फक्त आम्ही एकदा जीव वाचवायला वापरायचो आणि हे एका वळणाहून दुसऱ्या वळणापर्यंत तशीच नेतात.

म्हणून म्हणतो, आपल्याकडची पोरं वडिलांची पुढच्या चाकावर चालणारी हॅचबॅक घेऊन हँडब्रेक ओढतात आणि मागची चाकं जाम करून फरफटवतात, ते ड्रिफ्टिंग नाहीच, ती नुसती घसरगुंडी. त्यापेक्षा आपली जुनी पद्मिनी नाहीतर कॉन्टेसा बरी, ती तरी मागच्या चाकाची.

जेवायच्या सुट्टीत त्या पोराच्या बंपरला भेग गेली होती. मला वाटलं आता गॅरेज, चार दिवस. त्यानं ड्रिल काढलं, भेगेच्या दोन्ही बाजूंनी भोकं पाडली आणि प्लास्टिकच्या केबल टायनं टाके घातले, गोधडी शिवल्यासारखे एकेक. मोजले, चौदा टाके. टोकं कात्रीनं कापली आणि कचरा खिशात टाकला, खाली नाही. शेजारच्या गाडीवरचे जुने टाके दाखवून तो मोठ्या अभिमानानं काहीतरी बोलला, पुतण्या म्हणला की टाके जास्त तर माणूस जुना. मागचे टायर तर दिवसात दोन जोड्या गेले, आत तारा दिसेपर्यंत. पुढचे मात्र चांगले ठेवतात, कारण दिशा त्यांनीच द्यायची असते.

दुपारी मला शेजारी बसवलं. हेल्मेट, चार पट्ट्यांचा बेल्ट, हलायला जागा नाही. पहिल्या वळणाला समोरच्या काचेतून रस्ता दिसायच्या ऐवजी भिंत दिसली आणि रस्ता माझ्या बाजूच्या खिडकीत! माझा उजवा पाय आपोआप ब्रेकवर, म्हणजे ब्रेक नव्हता तिथं, नुसता पत्रा, मी तो दाबून दाबून पोटरीला गोळा आणला. तो पोरगा हसत होता. रबराचा वास, धूर आत येतोय, आणि खरं सांगू का साहेब, तिसऱ्या फेरीला मला मजा यायला लागली. एकतीस वर्षं ज्या गोष्टीची रात्री स्वप्नं पडून घाम फुटायचा ती गोष्ट कुणीतरी हातात धरून दाखवली.

आता मुद्द्यावर येतो. हे लोक काय पहिल्यापासून एवढे शहाणे नव्हते. ताकाहाशी कुनिमित्सु म्हणून रेसर होता, आधी मोटरसायकलवाला, 1961 ला मोटरसायकलच्या वर्ल्ड ग्रां प्रीची शर्यत जिंकणारा पहिला जपानी, नंतर गाड्यांच्या रेसमध्ये तो वळणावर गाडी अशी तिरकी काढायचा. त्याला बघून त्सुचिया केइची नावाचा पोरगा डोंगरातल्या घाटात रात्री तेच करायला लागला, आणि त्याचं बघून शेकडो पोरं. 1987 मध्ये त्याचा घाटातला व्हिडिओ निघाला तर त्याचं रेसिंगचं लायसन काही काळ गेलं. तोच माणूस पुढं डी-वन सुरू करणाऱ्यांत होता. म्हणजे घाटातली पोरं ट्रॅकवर आणली कुणी, तर घाटातल्याच पोरानं. रात्री घाटात जाणारे तिथं अजूनही सापडतात म्हणे, पण ज्याला शिकायचंय त्याला जागा आहे.

आणि हे आपल्याला नवीन नाही हो. आमच्या खेड-जुन्नर-आंबेगावात बैलगाडा पळतो त्या धावपट्टीला आम्ही घाटच म्हणतो. बंदी होती तेव्हा काय शर्यती थांबल्या? पहाटे अंधारात, आडरानात, ना डॉक्टर ना ॲम्ब्युलन्स, पोलीस आले की पळापळ. मग 2017 ला कायदा झाला, डिसेंबर 2021 ला कोर्टानं पळवायची मुभा दिली आणि 18 मे 2023 ला सुप्रीम कोर्टानं कायदा कायम केला. आता कलेक्टरची परवानगी लागते, बैल तपासतात, आणि बारी, म्हणजे गाड्याची पळायची पाळी, दिवसाढवळ्या सुटते. बैलाला घाट मिळाला, पोरांना का नाही?

रस्त्यावर रेस लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, तो लावाच, माझ्या नातवानं केलं तरी लावा. पण पुण्याच्या पोराला रीतसर करायचं असेल तर नावाजलेले मोठे ट्रॅक कुठं, चेन्नईजवळ, कोइम्बतूरला नाहीतर ग्रेटर नोएडाला, बाराशे-चौदाशे किलोमीटर जाऊन तो हाची-नो-जी काढणार आहे काय? बुद्ध सर्किट फॉर्म्युला वनसाठी बांधलंय, आपल्याला तसलं नकोच. एमआयडीसीतला एक रिकामा डांबरी प्लॉट, महिन्यातले दोन रविवार, एक पाण्याचा टँकर, दहा कोन, एक ॲम्ब्युलन्स आणि झेंडा धरायला आमच्यासारखी रिटायर माणसं. टायर जळतात, धूर होतो, आवाज होतो हे मान्य, म्हणून तर गावाबाहेर म्हणतोय. आणि प्रदूषणाचंच म्हणाल तर आमच्या चौकात डीजे लागतो तेव्हा खिडकीच्या काचा हलतात, त्यावर आपण वर्षाला एक अग्रलेख लिहिता आणि पुढच्या वर्षी परत तोच.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी अशी बातमी आली की "बेदरकार ड्रायव्हिंग" लिहा, ड्रिफ्टिंग लिहू नका, आणि जमलं तर एखादा वार्ताहर पाठवून इथल्या पोरांना विचारा की जागा दिली तर दिवसा याल का.

सोबत फोटो जोडलाय. छापायचा असेल तर छापा, हेल्मेट घातलेला, डोळे मिटलेला, डावीकडच्या सीटवरचा तो मी.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
राजगुरुनगर, जि. पुणे