हक्क विकले, नाव नाही

संपादक महोदय,

मी नौपाड्यातली निवृत्त शिक्षिका. २०११ मध्ये एका प्रकाशकाला मुलांची एकांकिका पंधराशे रुपयांना दिली. साध्या कागदावर ‘सर्व हक्क दिले’ एवढंच लिहून सही केली. मुदतबिदत काही नाही. परवा नातवाच्या स्नेहसंमेलनात तीच एकांकिका! माझी आजी शेवटी रुसून दार उघडत नाही, सगळा जीव त्या बंद दारात. इथे ती दार उघडून चक्क नाचली. पत्रिकेत लाइटवाल्याचं नाव होतं, माझं नव्हतं. प्रकाशकाच्या नव्या आवृत्तीतच हा बदल, तोही बिननावाचा. फोन केला तर म्हणे, ‘मॅडम, तुम्ही हक्क विकलेत.’

विकले, मान्य. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं, की हक्क दिल्यानंतरही लेखकाला आपलं नाव मागता येतं आणि प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड रोखता येते. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढलं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच कलमाखाली त्यांना अवशेष आणि पाच लाख रुपये भरपाई देवविली. शिवाय करारात मुदत नसेल तर कलम १९ नुसार ती पाचच वर्षं धरतात. म्हणजे माझ्या पंधराशे रुपयांची मुदत २०१६ लाच संपली.

प्रकाशकाला रजिस्टर पत्र धाडलंय. दिवाळी अंकांना लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनी आपापले जुने कागद एकदा काढून बघावेत.

– एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे